चेहऱ्याचा रकाना

दुसऱ्याच्या घरी जायचं, कोपऱ्यात बसायचं आणि तिथली माणसं मोबाइल कसा वापरतात ते नुसतं बघायचं, एवढ्यासाठी कोणी पगार देतं हे आमच्या इंदिरानगरातल्या बिल्डिंगमध्ये कुणालाच पटलं नाही. खालच्या मजल्यावरच्या ललिताकाकूंनी तर मला जिन्यातच गाठलं.

"म्हणजे टेलिफोन खात्यात लागलीस का?"

"नाही हो काकू. संशोधन आहे. लोक मोबाइल कसा वापरतात याचं."

काकूंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "कानाला लावतात."

 माझं समाजशास्त्रात एम.ए. झालेलं होतं. ती पदवी तेव्हा कपाटात सृष्टीच्या दुपट्यांखाली दबलेली होती आणि तिला जरा हवा लागावी म्हणूनच तर हा खटाटोप होता. साल दोन हजार पाच. सृष्टी अकरा महिन्यांची. पुण्याची एक संस्था कुठल्याशा परदेशी मोबाइल कंपनीसाठी ही पाहणी करत होती आणि त्यांना नाशिक जिल्ह्यात माणूस हवं होतं. दहा दिवस, तीन घरं. तिन्ही घरं नीट पूर्ण झाली तर जिल्ह्याचं काम कायम माझ्याकडे, निम्मं घरी बसून करण्यासारखं. एक जरी अपूर्ण राहिलं तर नमस्कार.

दहा दिवस हा आकडा आमच्या घरातही होता. सासूबाई म्हणाल्या होत्या, "दहा दिवस मी बघते तिला. तू जा." अकराव्या दिवशी त्यांचं भुसावळचं तिकीट होतं, नणंदेच्या बाळंतपणासाठी. म्हणजे दोन्हीकडून दहाच. माझ्या नवऱ्याने, किशोरने, हे ऐकून "होईल गं सगळं" असं म्हटलं आणि तो पेपर वाचायला लागला. नवऱ्यांचं "होईल गं" म्हणजे काय याचीही कधीतरी पाहणी व्हायला हवी.

पुण्याहून दीपक सर आले आणि त्यांनी एक दिवस प्रशिक्षण दिलं. सर माझ्याहून दोन वर्षांनी लहान असावेत, पण गळ्यात ओळखपत्र होतं. त्यांनी तीन नियम सांगितले. त्या घरात काही खायचं-प्यायचं नाही. फोन वापरा असं घरच्यांना सांगायचं नाही, ते आपणहून वापरतील तेव्हाच बघायचं. आणि आपला मोबाइल बंद ठेवायचा, कारण निरीक्षकाने फोन वापरला की घरचे त्याची नक्कल करतात. शिवाय प्रत्येक घरी सात दिवसांसाठी एक वही द्यायची. तिच्यात सहा रकाने: वेळ, कोणी, कोणाला, किती मिनिटं, कशासाठी, आणि शेवटचा, चेहरा.

"चेहरा?" मी विचारलं.

"फोनवर बोलताना चेहऱ्यावर जे भाव दिसतील ते," सर म्हणाले. "हा रकाना माझी कल्पना आहे." आणि त्यांचा स्वतःचा चेहरा असा काही उजळला की तोच पहिला नोंदवावा.

पहिलं घर नाशिकमध्येच, द्वारका चौकाजवळ. वाल्मीकशेठ यांचे तीन ट्रक, घरात दोन मोबाइल. मला वाटलं, इथे पहिल्या तासातच वही भरणार. मी दारात पाऊल ठेवलं मात्र, वाल्मीकशेठनी खिशातून फोन काढला, माझ्यासमोर बंद केला आणि बायकोला हाक मारली, "अहो, तुमचाही बंद करा. ताई बसल्यात." मग आम्ही तीन तास एकमेकांकडे बघत बसलो. द्वारकेच्या चौकात हॉर्न वाजत होते, तीन ट्रक देशात कुठे कुठे अडले असतील देव जाणे, पण शेठनी फोन उघडला नाही. घरी कोणी आलेलं असताना फोनवर बोलायचं म्हणजे अपमान. पहिला नियम तर चहाच्या पहिल्या कपाबरोबरच गेला. दुसऱ्या नियमामुळे मला "अहो, फोन करा ना" असंही म्हणता येईना.

संध्याकाळी ललिताकाकूंनी निदान केलं. "तू पाहुणीसारखी बसतेस ना, म्हणून. भाजी निवडायला घे. भाजी निवडणाऱ्या बाईसमोर माणसं काय वाट्टेल ते बोलतात."

काकूंचा सल्ला संशोधनाच्या कुठल्याही पुस्तकात नाही, पण तो लागू पडला. दुसऱ्या दिवशी मी शेठच्या घरी चार जुड्या मेथी निवडली. तिसरी जुडी संपेपर्यंत मी तिथे आहे हे सगळे विसरले आणि शेठनी अकरा फोन केले, त्यातला एक असा की त्याचा चेहऱ्याचा रकाना मी रिकामाच ठेवला. कॉलेज रोडचं दुसरं घर पालक आणि गवारीवर निभावलं. उरलं तिसरं. येवला.

येवल्याचं घर पैठणी विणणाऱ्यांचं होतं. पुढच्या खोलीत हातमाग, त्यावर बसलेले गोटीराम, शेजारी दोऱ्याच्या कांड्या भरणाऱ्या त्यांच्या बायको विमलाबाई आणि खाटेवर गोटीरामांच्या आई, अक्काबाई. खिडकीपाशी खिळ्याला पैठणीच्या उरलेल्या तुकड्यांची एक छोटी पिशवी टांगलेली, जांभळ्या रंगाची, वर एक इवलासा मोर. पिशवीत मोबाइल. त्यांच्या कंपनीची रेंज घरात फक्त तिथेच येते, म्हणून तो खिळा.

पहिला दिवस सोमवार. मी गेले, चटई देवघरासमोर टाकली गेली, चहा आला. मी घाबरत घाबरत विचारलं, "फोन कोणाच्या नावावर आहे? फॉर्मवर मालकाची सही लागते."

"फोन यांचा," विमलाबाई म्हणाल्या. "कार्ड झुंबरभाऊजींचं, ते इंचूरला असत्यात. चार्जर शेजारच्यांचा. अन् फोन लागतो समद्या गल्लीला."

संध्याकाळी मी पुण्याला फोन करून विचारलं. दीपक सर म्हणाले, "मॅडम, मालक एकच असतो."

"इथे चार आहेत, सर."

"मग त्यातला खरा कोण ते शोधा. ज्याच्या नावावर कार्ड, त्याची सही. त्याशिवाय घर धरता येणार नाही."

म्हणजे विंचूर आलंच. पण ते पुढे.

आता मला एक कबुली द्यायची आहे. तिसरा नियम मी पहिल्याच दिवशी मोडला. नाशिक ते येवला एसटीने दोन तास, आणि त्या दोन तासांत अकरा महिन्यांच्या मुलीला काय काय होऊ शकतं याची यादी मी निफाडच्या आतच पूर्ण केलेली असायची. शेंगदाणा. बादली. प्लगची भोकं. गॅलरीच्या गजांमध्ये अडकलेलं डोकं. आणि या सगळ्याच्या वर, दूध. सृष्टी माझ्याशिवाय कुणाच्या हातून दूध घ्यायची नाही. सासूबाईंनी महत्प्रयासाने एक युक्ती शोधली होती. गॅलरीसमोरच्या गुलमोहरावर एक कावळा येऊन बसायचा. तो दिसला की सृष्टी तोंडाचा आ करायची, आणि त्या उघड्या तोंडात चमचा जायचा. कावळा गेला की तोंड बंद. माझ्या मुलीचं पोषण हे असं एका कावळ्याच्या सवडीवर चाललं होतं.

तेव्हा मी काय करायची, तर "जरा हात धुऊन येते" म्हणून मागच्या दारी जायची, न्हाणीच्या आडोशाला उभी राहायची आणि घरी फोन लावायची. सासूबाईंना वाटायचं, फोनवर ओरडल्याशिवाय पलीकडे पोचत नाही, आणि त्यांचं ऐकून ऐकून मीही ओरडायची.

"आई, कावळा आला का?"

"आला होता गं. अर्धी वाटी झाली."

"बरं झालं!" म्हणून मी डोळे पुसत आत. कुणालाही कळलं नाही, अशी माझी समजूत होती. त्या सोमवारी निघताना विमलाबाईंनी हळद-कुंकू लावलं, ओंजळीत शेंगदाणे घातले आणि वहीवर बोट ठेवून विचारलं, "ताई, यात नेमकं काय लिव्हायचं?"

"या घरात मोबाइल जेव्हा जेव्हा वापरला जाईल, तेव्हा तेव्हा नोंद करायची. काही सोडायचं नाही."

"काय सोडणार नाय," त्या म्हणाल्या. मी निर्धास्त झाले. जी बाई पदरावरच्या मोराच्या पिसातला धागा न् धागा मोजते, ती रकाना चुकणार नाही.

मंगळवारी फांद्या तारांना लागतात म्हणून वीजवाले आले आणि त्यांनी आमच्यासमोरचा गुलमोहर छाटला. किशोरने वर तोंड करून विचारलं, "ही एक फांदी ठेवता येईल का? आमच्या मुलीचं दूध आहे हो त्याच्यावर." त्यांनी लेखी अर्ज द्यायला सांगितलं. अर्ज कुणाच्या नावाने करायचा हे ठरेपर्यंत झाडाचा खांब झाला होता.

बुधवारी येवल्याला पोचले तर जिवात जीव नाही. मागच्या दारी गेले.

"आई, कावळा आला का?"

"नाही गं. सकाळपासून वाट बघतेय."

"अजून नाही? मग हो? आता काय करायचं?"

"मी काय करू? पोळीचा तुकडा ठेवला, भात ठेवला. फिरकत नाही मेला."

"थोडं थांबून बघा ना. येईल. यायलाच हवा!" माझा आवाज फुटला. मी पदराने नाक पुसून आत आले, तर माग थांबला होता. गोटीराम दोऱ्याकडे बघत होते. अक्काबाई माझ्याकडे बघत होत्या. गल्लीतली एक बाई दाराशी आली होती, तिला विमलाबाईंनी खुणेनेच परत पाठवलं.

आणि माझी चटई हलली होती. देवघरासमोरची ती आता उंबऱ्याजवळ होती.

मी म्हटलं, चला, काकूंचा उपाय करू. "विमलाबाई, द्या ती भाजी इकडे, निवडते."

त्यांनी ताट हलकेच माझ्या हाताच्या बाहेर सरकवलं. "नको ताई. तुमी बसा निवांत."

तीन तास कुणी फोनला हात लावला नाही. कुणी मोठ्याने बोललंसुद्धा नाही. निघताना हळद-कुंकू नाही. ओंजळीत काही नाही. विमलाबाई नुसत्या दाराशी उभ्या राहिल्या आणि "सांभाळून जा" म्हणाल्या, तेही दुसरीकडे बघत.

मी एसटीत बसून हिशोब लावत होते. माझ्याकडून काय चुकलं? चहा उरवला? मागाला पाय लागला? सवाष्णीला कुंकू न लावता पाठवतात म्हणजे काहीतरी भयंकर घडलेलं असणार. मी एम.ए. आहे, मला अशा गोष्टींचं वाईट वाटायला नको, असं मी स्वतःला विंचूरपर्यंत समजावलं. निफाडला रडू आलं.

ललिताकाकूंना सांगितलं तर त्यांचा सल्ला तयार. "तू गळ्यातलं ते ओळखपत्र आधी काढ. त्यांना तू जप्तीवाली वाटत असशील."

शुक्रवारी मी ओळखपत्र पर्समध्ये टाकून आधी विंचूरला उतरले. मे महिन्याचं ऊन, कांद्याच्या लिलावाची गर्दी, ट्रॅक्टरांच्या रांगा आणि त्यात मी "झुंबरभाऊ कुठे भेटतील?" करत हिंडतेय. शेवटी एका ट्रॉलीवर ते सापडले. मला वाटलं होतं, सही म्हटल्यावर हा माणूस दहा प्रश्न विचारील. त्यांनी एकही विचारला नाही. माझ्याकडे बघून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, ट्रॉलीवरून खाली उतरले आणि फॉर्म घेतला.

"काल येवल्याला गेल्तो. वहिनीनं सांगितलं समदं," ते हळू आवाजात म्हणाले. "असल्या टायमाला बी तुमी कामासाठी हिंडताय. लय अवघड हाय, ताई."

"काय करणार," मी म्हटलं. मला वाटलं, उन्हाबद्दल बोलताहेत.

"एक हाय पण. कार्ड माझ्या नावावं, पण फोटू मेव्हण्याचा लावलाय. माझा नव्हता तवा."

मी फॉर्मवर ते कुठे लिहावं याचा विचार केला आणि कुठेच लिहिलं नाही.

त्या दिवशीही येवल्यात तेच. चटई उंबऱ्याजवळ. बिनफोडणीची आमटी. खिळ्यावरची पिशवी जागची हललेली नाही. मी दोनदा मागच्या दारी गेले. कावळा आला नव्हता. सृष्टीने सकाळपासून दोन चमचे घेतले होते, त्यातला एक सासूबाईंच्या लुगड्यावर. आणि सासूबाई "सगळं ठीक आहे" असं म्हणाल्या, म्हणजे ठीक नव्हतं, कारण ठीक असतं तेव्हा त्या तक्रार करतात. मग त्यांनी रिसीव्हर सृष्टीच्या कानाला लावला. पलीकडून नुसता श्वास. लहान, गरम, थोडा चोंदलेला. मी न्हाणीच्या भिंतीला कपाळ टेकवून तो श्वास ऐकत उभी राहिले, आणि मला पहिल्यांदा नीट कळलं की संशोधन वगैरे काही नाही, मला फक्त घरी जायचंय.

पण दुसऱ्या दिवशी दीपक सर येणार होते. जीप घेऊन, घर तपासायला.

शनिवारी मी सरांच्या आधी तासभर पोचले. वही मागावी, निदान आत काही आहे का बघावं, म्हणून. विमलाबाईंनी वही छातीशी धरली. "सात दिस म्हनलात. आज सहावा. पदर अर्धा ठेवून कोन साडी मागावरून उतरवतं का?"

"बरं, पण काही लिहिलंय ना? तुम्ही तर फोन वापरलेला मला दिसलाच नाही."

"आमी कुठं वापरतो? आमचं मिस कॉलवरच चालतं. एक वाजला की साडीवाला शेठ येतोय, दोन वाजले की जरीचा दोरा आला, तीन वाजले की नणंदेचा सासरा परत बिघडला. उचलतच नाय कोनी. उचललाच नाय तर वापरला कसा म्हनायचा?"

 सहा दिवसांचे मिस कॉल, आणि एकाचीही नोंद नाही. घर अपूर्ण. काम गेलं. मी सवयीने मागच्या दारी धावले आणि फोन लावला.

"आई, कावळा…"

"नाही गं आला! आणि ही आता अजिबात तोंड उघडत नाहीये, तृप्ती, मी काय करू सां–"

आणि माझ्या फोनची बॅटरी संपली.

मी तिथेच न्हाणीच्या दगडावर बसले आणि रडले. तसं रडणं घरी बाथरूमचा नळ सोडून करायचं असतं. डोकं वर केलं तर दारात अक्काबाई काठी टेकून उभ्या. मागे विमलाबाई. त्यांच्यामागे गल्लीतल्या चार-पाच बायका, सगळ्यांचे पदर डोक्यावर.

अक्काबाई माझ्याजवळ बसल्या. खूप जपून त्यांनी विचारलं, "कोन गेलं गं, बाई?"

"गेलं?"

"सांग. मन मोकळं व्हतं. बुधवारपासनं ऐकतोय आमी. कावळा शिवंना म्हन्जे जीव अडकलाय कशात तरी. अगं, त्या मानसाची काय विच्छा राहिली आसंल ती आठव. घरातल्या थोरल्याला म्हनावं, रामकुंडावर पिंडाम्होरं हात जोडून शबूद दे. लगीच येतो कावळा. माझ्या सासऱ्याला बिडी कबूल केली, तवा आला."

मला दोन क्षण काहीच कळलं नाही. मग सगळं एकदम कळलं. उंबऱ्याजवळची चटई. काढून घेतलेलं भाजीचं ताट. कुंकू नाही, फोडणी नाही, माग बंद. झुंबरभाऊंनी काढलेली टोपी. नाशिकहून येणारी, मागच्या दारी जाऊन "कावळा आला का" म्हणून रडणारी बाई. सुतकातली. या माणसांनी मला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं हेच त्यांचे उपकार.

"अक्काबाई," मी म्हटलं, "कुणी गेलं नाही हो. माझी मुलगी दूध पीत नाहीये."

 मग मी गुलमोहर, गॅलरी, चमचा, वीजवाले, सगळं हुंदके देत देत सांगितलं. मागून कुणीतरी "अगं बया" म्हणालं. विमलाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अन् आमी हिला बुधवारपासनं बिनफोडणीचं घातलं!"

"फोन काढ," अक्काबाई म्हणाल्या.

"आत्याबाई, पाव्हणी हाय घरात…"

"पाव्हणी कशाची? लेकुरवाळी हाय. फोन काढ म्हनते!"

विमलाबाईंनी मोराची पिशवी खिळ्यावरून उतरवली. खिडकीशी मला उभं केलं, नंबर लावला. सासूबाईंनी पहिल्याच घंटेला उचलला. पण मी "आई" म्हणायच्या आत फोन अक्काबाईंच्या हातात होता.

"विहीनबाई, मी येवल्यावरनं बोलते. वळख नाय, राहू द्या. फोन पोरीच्या कानाला लावा अन् चमचा तयार ठिवा. लावला? … काव! काव! काव!"

ऐंशीच्या घरातली बाई, पण असा हुबेहूब कावळा मी नाशिकच्या गुलमोहरावरसुद्धा ऐकला नव्हता. पलीकडे काहीतरी खळबळ झाली. मग सासूबाईंची आरोळी, आम्हा सगळ्यांना फोनबाहेर ऐकू आलेली: "आ केला! आ केला गं! थांबू नका!"

अक्काबाईंना दम लागला. फोन विमलाबाईंनी घेतला. "काव काव!" मग शेजारच्या बयाबाईंनी. मग तिसरीने. एकीचा कावळा कोंबड्यासारखा निघाला, तिला हुसकावून लावलं. खुद्द गोटीराम मागावरून उठले आणि "बाप्याचा कावळा वेगळा असतो" म्हणत रांगेत उभे राहिले. चमचा गेला की सासूबाई पलीकडून आकडा ओरडायच्या: "सहा!… सात!"

आठव्या चमच्याला फोन माझ्या हातात होता. मी डोळे मिटून, पूर्ण घसा फोडून "काव! काव!" केलं, आणि डोळे उघडले तेव्हा दारात दीपक सर उभे होते. गळ्यात ओळखपत्र. हातात तपासणीचा तक्ता.

सर खाटेवर बसले.  विमलाबाईंनी चहा ठेवला. सरांनी वही मागितली. "वाचा, पन नेऊ नका," या अटीवर ती मिळाली. मला वाटलं, आता पानं कोरी निघतील आणि संपलं सगळं. पण कोरी नव्हती. सर मोठ्याने वाचायला लागले. अक्षर मोत्यासारखं होतं.

"सोमवार. दुपारी बारा वाजून वीस. पाहणीच्या ताई. त्यांच्या सासूबाईंना. दोन मिनिटं. कावळा आला का. चेहरा: आधी काळजीचा, मग हसरा."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.

"बुधवार. पाहणीच्या ताई. सासूबाईंना. चार मिनिटं. कावळा आला नाही. चेहरा: पडलेला. नाक लाल. बुधवार, परत ताई. तीन मिनिटं. कावळा. चेहरा: भिंतीकडे होता. शुक्रवार. ताई. सहा मिनिटं. कशासाठी: कोणीच बोललं नाही, नुसतं ऐकलं. चेहरा…" इथे सर थांबले. त्यांनी पुढचं मनात वाचलं. मग पान उलटून परत मागे आले आणि पुन्हा वाचलं. मला तो रकाना त्यांनी दाखवला नाही आणि मीही मागितला नाही.

"मॅडम," शेवटी ते म्हणाले, "या वहीत प्रतिसादकाच्या जागी फक्त तुम्ही आहात."

"हो, सर."

"तिसरा नियम."

"हो, सर."

"आणि हा कावळा कोण?"

त्यावर गल्लीतल्या सगळ्या बायकांनी एकदम सांगायला सुरुवात केली. ते संपेपर्यंत सरांनी दोन कप चहा आणि एक लाडू घेतला होता, तेव्हा पहिल्या नियमाबद्दल कुणीच काही बोललं नाही. मिस कॉल कधी वापर धरायचा आणि कधी नाही यावर मात्र त्यांनी विमलाबाईंशी तासभर वाद घातला, आणि हरले.

निघताना विमलाबाईंनी मला कुंकू लावलं. बुधवारपासूनचं राहिलेलं एकदम लावल्यासारखं, मळवटच. अक्काबाईंनी अट घातली, "रोज बाळ प्यालं का नाय ते कळलं पायजे. आमी एक मिस कॉल देऊ. प्यालं तर तू एक उलटा दे."

रविवार दहावा दिवस. सोमवारी सासूबाई भुसावळला गेल्या. मी सृष्टीला कडेवर घेऊन आठवडाभर पोस्टमनची वाट पाहिली. पत्रात होतं की घर क्रमांक तीनमध्ये निरीक्षक आणि प्रतिसादक यांच्यात आवश्यक ते अंतर राखलं गेलं नाही, याची गंभीर नोंद घेण्यात आली आहे. आणि खालच्या ओळीत, जिल्ह्याचं काम पुढेही माझ्याकडे राहील. या दोन वाक्यांमध्ये काय घडलं ते पुण्यालाच ठाऊक. सोबत एक खोकंही आलं, त्यात एक कॅसरोल. प्रतिसादकांना द्यायची भेट. पोचपावतीवर लिहिलं होतं: स्त्री, वय सत्तावीस, नाशिक.

आता मी कामावर जाते तेव्हा सृष्टी ललिताकाकूंकडे असते. काकूंना कावळा यायला लागलाय. त्यांचा सराव जिन्यातून ऐकू येतो. मोबाइलचं लोक काय करतात यावर त्यांचं मत थोडं बदललं आहे, पण तसं त्या कबूल करत नाहीत.

वही पत्रानंतर चार दिवसांनी आली, येवल्याहून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडून, पैठणीच्या चिंधीत बांधलेली. ती पुण्याला पाठवण्याआधी मी सातव्या दिवसाचं पान उघडलं. एकच ओळ होती.

"रविवार. सकाळी दहा. मी. ताईंना. मिनिटं: शून्य. बाळ प्यालं का. उलटा एक आला, म्हणजे प्यालं. चेहरा: इथून दिसला नाही. हसरा लिहिते."